नकाशा ॲपमधलं बसचं चिन्ह: रेल्वेला चार तारे, एसटीला दीड

मी वजनकाटे दुरुस्त करतो. राहायला अमळनेर, गिऱ्हाइकं रावेरच्या केळीवाल्यांपासून दोंडाईचाच्या मिरचीवाल्यांपर्यंत पसरलेली. स्वतःची गाडी नाही. पान्यांची पिशवी आणि बहुतेक वेळा एखादा दुरुस्त केलेला काटा सोबत, त्यामुळे जायचं ते एसटीने नाहीतर रेल्वेने. म्हणून फोनमधल्या एका नकाशा ॲपचं फक्त बसचं चिन्ह, म्हणजे बस-रेल्वेने कसं जायचं ते दाखवणारा पर्याय, मी भरपूर वापरलंय. हा रिव्ह्यू तेवढ्यापुरताच.

रेल्वेत ॲप हुशार आहे. अमळनेर सुरत लाइनवर, रावेर भुसावळच्या पुढे खंडवा लाइनवर. म्हणजे जळगाव नाहीतर भुसावळला गाडी बदलणं आलंच. कुठली गाडी धरली तर मध्ये किती वेळ हातात राहतो, हे ॲप एका नजरेत दाखवतं. पूर्वी यासाठी वेळापत्रकाच्या पुस्तकात दोन पानांवर दोन बोटं ठेवून बसावं लागायचं. पूर्ण मार्क.

आता धुळं. अमळनेरहून रस्त्याने पस्तीसेक किलोमीटर, स्टँडवर जाऊन उभं राहायचं आणि लागेल त्या गाडीत बसायचं. ॲप काय सांगतं? अमळनेरहून जळगाव, तिथून चाळीसगाव, मग चाळीसगाव–धुळे पॅसेंजर. दोनशे किलोमीटरच्या आसपासची प्रदक्षिणा! नकाशावर बघा, रेघ अगदी सलग दिसते, कुठे तुटत नाही. म्हणूनच नवखा माणूस फसतो. नरडाणा आमच्याच सुरत लाइनवर, त्यामुळे धुळे–नरडाणा लाइन झाली की हे कोडं सुटेल, तोवर लाल डबा.

ॲपचं गणित चुकतं असं नाही. ज्या गाड्यांचं वेळापत्रक त्याच्याकडे असतं त्यांचीच वाट त्याला काढता येते, एवढंच. रेल्वेचं आहे, आमच्या स्टँडवरच्या गाड्यांचं बहुतेक नाही. पण जिथे त्याला एसटी माहीत असते तिथेही ॲप मिनिटांच्या मागे धावतं, आणि माझा खरा आक्षेप त्यावर आहे. हायवेच्या एखाद्या फाट्यावर उतरा, सहा मिनिटांत पुढची गाडी, म्हणे. भरउन्हात फाट्यावर काटा घेऊन उभं राहून बघा. जलद गाडी थांबेलच असं नाही, आणि साधी गाडी कधी येईल हे पानटपरीवाल्याला विचारायचं. तो म्हणणार, "भाऊ, ती कव्हयच निंघी गई." एरंडोलला जाताना मी पारोळ्याच्या स्टँडवर बदलतो. पंधरावीस मिनिटं जास्त जातील, पण डोक्यावर छत, प्यायला पाणी, चौकशीच्या खिडकीत माणूस, आणि एक गाडी चुकली तर मागून दुसरी.

शहाद्याचंही तसंच. ॲप नंदुरबारपर्यंत रेल्वेने नेतं. मी दोंडाईचाला उतरतो आणि सारंगखेड्याच्या पुलावरून बसने तापी ओलांडतो. फक्त दत्तजयंतीच्या सुमारास, सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरलेला असताना, ॲपचं ऐकून निमूट नंदुरबार गाठावं. आषाढीत डेपोतल्या गाड्या पंढरपूरला निघतात, शाळांना सुट्टी लागली की काही फेऱ्या गळतात. ही पंचांगाची बाजू ॲपच्या गावी नाही.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा तो प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने काढला, १९३३ साली तो छापून लोकांच्या हातात पडला. सरळ आणि तिरप्या रेघा, अंतरं खोटी, पण गाडी कुठे बदलायची ते चटकन दिसतं. काट्याच्या सर्किटचा कागद असाच असतो: वायर किती लांब ते कोण बघतो, कुठे जोडली आहे ते बघायचं. या सोयीची किंमतही आहे म्हणा. लंडनच्याच प्रवाशांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की माणसं प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेपेक्षा नकाशावरच्या लांबीवर जास्त विश्वास ठेवून रस्ता निवडतात. आमचं चाळीसगाव प्रकरण तेच. तरी खानदेशाचा तसा एक नकाशा कुणी काढला तर मी विकत घेईन. जळगाव, भुसावळ, धुळे, पारोळा, दोंडाईचा, शिरपूर ठळक गोल करून, आणि कुठल्या गोलावर थांबणं सुसह्य आहे त्याची खूण करून.

तोवर माझी पद्धत: स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या पाट्यांचे फोटो, गावाच्या नावाने फोनमध्ये ठेवलेले. रेल्वे ॲपवर, बस फोटोवर. आणि ॲपमध्ये शेवटची गाडी शोधायचा पर्याय आहे, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. परतीसाठी फार कामाचा, पण रेल्वेपुरताच. बसने गेलात तर उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या, परत यायला शेवटची कितीला.