खुब्याची कूर्चा फाटली: आधी व्यायाम की थेट दुर्बिणीची शस्त्रक्रिया?

चवथीला फुगडी घालताना वहिनीच्या जांघेत कळ आली, ती दिवाळी उलटली तरी गेली नाही. कुठं दुखतं विचारलं, की ती अंगठा मागे, बोटं पुढे करून खुबाच पंजात धरून दाखवायची. एमआरआयमध्ये लॅब्रमला चीर निघाली आणि घरात ऑपरेशनची चर्चा सुरू झाली.

लॅब्रम म्हणजे खुब्याच्या खोबणीला असलेली चिवट कूर्चेची कड. ती मुरगळून किंवा पडून फाटते हे खरं, पण बरेचदा मूळ कारण हाडाच्या घडणीत असतं. मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर किंवा खोबणीच्या काठावर जादा हाड असलं, की उकिडवं बसताना कड मध्ये चिमटते. खोबण उथळ असली, तर तिच्यावर भार येतो. फुटबॉल, नाच, एका पायावरच्या गिरक्या त्यात भर घालतात. आणि मुळीच न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयतही अशा चिरा दिसतात, म्हणून नुसत्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

व्यायामाने चीर सांधत नाही. कुल्ल्याचे आणि पोटाचे स्नायू बळकट होऊन तिच्यावरचा ताण कमी होतो. चांगल्या फिजिओकडे किमान तीन महिने नेटाने जावं लागतं. शस्त्रक्रियेत दोन-तीन छिद्रांतून कड शिवतात, जादा हाड घासतात. नंतर काही आठवडे कुबड्या, खेळायला चार ते सहा महिने. काहींना मांडीत किंवा जांघेत बधिरपणा येतो, तो बहुधा ओसरतो.

हाड चिमटणाऱ्या ३४८ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेली चाचणी २०१८ साली छापून आली. एका गटाची शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला फिजिओचे व्यायाम दिले. वर्षभराने दोन्ही गट सुधारले होते. शस्त्रक्रियेचा गट १०० गुणांच्या मोजपट्टीवर सुमारे ७ गुणांनी पुढे होता. म्हणजे जादा हाड स्पष्ट दिसतंय आणि व्यायाम करूनही दुखतंय, तर शस्त्रक्रियेला अर्थ आहे. एक्स-रेत सांध्याची फट झिजलेली असेल, तर मात्र दुर्बिणीचा फारसा उपयोग होत नाही.

करायचीच ठरली, तर जमत असल्यास पावसाळा टाळा. शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर कुबड्या घेऊन उतरणं म्हणजे नवं दुखणं ओढवून घेणं.

वहिनीच्या एक्स-रेत जादा हाड नव्हतं, म्हणून तिने व्यायाम निवडला. आता दहावा आठवडा चालू आहे. नारळ खवायला ती खाली विळीवर बसत नाही. ओट्याला खवणी लावून घेतली आहे.