पायथनमधून सीची फंक्शनं: सीटाइप्स, सीएफएफआय की पायबाइंड११?

सीमधली लायब्ररी तयार आहे, बाकी काम पायथनमध्ये चालतं आणि दोन्ही जोडायचे आहेत. त्यासाठी सीटाइप्स, सीएफएफआय आणि पायबाइंड११ ही तीन साधनं आहेत. अशा वेळी चौकशी होते ती वेगाची. मी आधी विचारेन: फंक्शनला काय जातं आणि काय परत येतं हे चुकीचं लिहिलं, तर ते पकडणार कोण?

सीटाइप्समध्ये कोणीच नाही. ते पायथन २.५ पासून (२००६) पायथनसोबतच येतं, कंपायलर लागत नाही, तयार डीएलएल (कंपाइल केलेली लायब्ररीची फाइल) उघडली की काम सुरू. पण तुम्ही सांगितलं नाही, तर प्रत्येक फंक्शन 'इंट' (पूर्णांक) परत करतं असं ते धरून चालतं. वर्गमूळ काढणाऱ्या 'एसक्यूआरटी'ला 'सी_डबल'मध्ये २.० दिलं आणि 'रेसटाइप' (काय परत येतं त्याचा प्रकार) लिहायचं राहिलं, तर एरर येत नाही; भलताच पूर्णांक हाती पडतो. पॉइंटरचं, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याचं, तर विचारूच नका. ६४ बिट मशीनवर पॉइंटर ८ बाइटचा आणि इंट ४ बाइटचा, म्हणजे अर्धा पत्ताच कापला जातो. प्रोग्रॅम कोसळतो, तोही बऱ्याचदा दुसऱ्याच कुठल्यातरी ओळीवर. दोन-चार फंक्शनं असतील तर 'आर्गटाइप्स' (काय जातं त्याचे प्रकार) आणि 'रेसटाइप' नेमाने लिहून निभावतं. मोठ्या लायब्ररीसाठी मी हा रस्ता धरणार नाही.

तिथे सीएफएफआय घ्या, आणि तेही एपीआय मोडमध्ये. हेडरमधल्या (लायब्ररीतली फंक्शनं जाहीर करणाऱ्या फाइलमधल्या) घोषणा जवळपास जशाच्या तशा द्यायच्या. सी कंपायलर त्या खऱ्या हेडरशी ताडून बघतो, त्यामुळे बहुतेक चुका बिल्डमध्येच उघड्या पडतात. बदल्यात प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळा बिल्ड करावा लागतो. कंपायलर न लागणाऱ्या एबीआय मोडमध्ये ही तपासणी नसते. पायपायवर (पायथन चालवणाऱ्या दुसऱ्या इंटरप्रिटरवर) चालवायचं असेल, तर सीएफएफआयच बरं.

लायब्ररी सी प्लस प्लसची असेल तर थेट पायबाइंड११. क्लास, टेम्प्लेट, एक्सेप्शन हे सगळं बाकीच्या दोघांना कळत नाही. त्यांच्यासाठी 'एक्स्टर्न सी'चं वेष्टण, म्हणजे सीसारखी साधी फंक्शनं, स्वतः लिहावं लागतं. पायबाइंड११मध्ये 'आउट ऑफ रेंज' एक्सेप्शन पायथनकडे 'इंडेक्सएरर' म्हणून पोचतं. कंपाइल व्हायला मात्र वेळ लागतो.

राहिला वेग. तिन्हींत प्रत्येक कॉलची किंमत मोजावी लागते. दहा लाख आकड्यांसाठी दहा लाख कॉल केले तर सीचा फायदा तिथेच संपतो. नमपायचा (पायथनमधल्या आकडेमोडीच्या लायब्ररीचा) अख्खा अ‍ॅरे एका कॉलमध्ये पाठवा आणि लूप सीमध्येच फिरू द्या.