यात्रेला जुनेजाणते कलावंत आणायचेत : ढोलकी फड की संगीत बारी?

चैत्र तोंडावर आला की ओळखीच्या यात्रा कमिट्यांचे फोन सुरू होतात. "यंदा नुसता धांगडधिंगा नको, तमाशातलं जुनंजाणतं माणूस आणायचंय, कुणाला सांगू?" हल्ली शहरातली मंडळंही हेच विचारतात. मी उलट दोनच गोष्टी विचारतो : बसायला जागा किती, आणि समोर ऐकणारं माणूस कोण? कारण तमाशा म्हणताना आपण ढोलकी फड आणि संगीत बारी एकाच पोत्यात भरतो, आणि पैसे वाया जातात ते तिथेच.

आधी फडाचं सांगतो. फड म्हणजे एक चालतं-फिरतं गावच. गण म्हणजे गणपतीचं नमन, गवळण म्हणजे कृष्ण-गवळणींची थट्टा, बतावणी म्हणजे विनोदी सवाल-जबाब आणि मग वग म्हणजे कथानकाचं नाट्य, असा त्याचा क्रम. ढोलकी-हलगीची जुगलबंदी सुरू झाली की पार मागच्या रांगेतल्या माणसाच्या पायालाही ताल धरावासा वाटतो. मोठ्या फडात कलाकार, वादक, लायटिंगवाले, ड्रायव्हर, स्वयंपाकी धरून शंभराच्या आसपास माणसं असतात, म्हणून मोठ्या फडाची सुपारी, म्हणजे खेळाची ठरलेली रक्कम, लाखांत जाते. ती रक्कम एका कलावंताच्या पदरात पडत नाही. त्यातून डिझेल, पगार आणि हंगामाआधी कलाकारांना दिलेली उचल निघायची असते. घासाघीस करताना एवढं ध्यानात असू द्या.

बारीत माणसं कमी असतात. ढोलकी, तबला, पेटी, गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या बायका, एवढाच संच. मोडनिंब, चौफुला, जामखेड इथली कला केंद्रं आणि पुण्याचं आर्यभूषण थिएटर ही तिची ठिकाणं. तिथे वग नसतो, लावणी हाच जीव. पद्मश्री मिळालेल्या यमुनाबाई वाईकर 1915 साली जन्मल्या आणि 2018 साली गेल्या. त्यांची ओळख बैठकीच्या लावणीसाठी. बसल्या जागी, चेहरा आणि हात एवढ्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा गायची आणि दर खेपेला तिचा अर्थ बदलायचा. रुसवा, लाडीगोडी, टोमणा, सगळं त्याच शब्दांतून. ही कला वयाबरोबर पिकत जाते. त्यामुळे ज्येष्ठ कलावंत हाच तुमच्या कार्यक्रमाचा गाभा असेल, तर माझं मत सरळ बारीच्या बाजूने आहे.

पण बारी मैदानात मरते. आमच्याच यात्रेत आम्ही ही चूक केली. साठी ओलांडलेल्या एका बाईंना उघड्या माळावर, दहा फूट उंच स्टेजवर बसवलं. पहिल्या चार रांगांना त्यांची भुवई दिसली. त्यामागच्या हजारभर लोकांना दिसली फक्त हिरव्या नऊवारीतली एक बसलेली आकृती. पंधरा मिनिटांत शिट्ट्या आणि "उठा की!"च्या आरोळ्या सुरू झाल्या. बाईंनी लावणी पुरी केली, ढोलकीवाल्याला हात जोडले आणि आत गेल्या. त्या पोरांचा दोष नव्हता, आम्हीच चुकीच्या जागी चुकीचा कार्यक्रम मांडला होता. आज त्या बाईंना बोलवायचं झालं तर मी शाळेचा हॉल घेईन, दोन-तीनशे माणसं गादीवर बसवीन, कलावंतांची बैठक फूट-दीड फूट उंच ठेवीन आणि तोंडावर पांढरा साधा उजेड टाकीन. रंगीत फिरते दिवे अदा खाऊन टाकतात.

मैदान मोठं असेल, आया-बाया, पोरंटोरं, पाहुणे, सगळ्या गावाला एकत्र बसवायचं असेल, तर फडच घ्या. तिथे ज्येष्ठ माणूस वेगळ्या रूपात भेटतो. मुरलेला सोंगाड्या, म्हणजे फडातला विनोदी नट, किंवा गवळणीतली मावशी रंगवणारा जुना नट समोरच्या गर्दीकडे बघून संवाद बदलतो. तुमच्या सरपंचाचं नाव, फुटलेला बंधारा, सगळं बतावणीत येतं. ते पाठांतराने जमत नाही, त्याला वय जावं लागतं.

फडाची खरी अडचण आहे ती वेळेची. पूर्वी वग उजाडेपर्यंत चालायचा. आता रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त 15 दिवसांसाठी बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमची तिथी त्यात बसतेय का, हे पोलीस ठाण्यात आधीच विचारून घ्या. नाहीतर नेहमीचं ठरलेलं : नऊला पडदा वर जातो, तासभर सिनेमाची गाणी होतात आणि वग सुरू होतो न होतो तोच माईक बंद. म्हणजे ज्या ज्येष्ठ नटासाठी सुपारी दिली, त्याचा प्रवेश येतच नाही. म्हणून सुपारी फोडतानाच लिहून घ्या : सातला गण, गाणी मोजकी, वग पुरा.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी, म्हणजे देवापुढे होणारा दिवसाचा खेळ, हीही मागा. जुन्नर-आंबेगाव भागात देवळापुढे हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा हा रिवाजच आहे. दिवसाउजेडी, भपका नसताना, जुन्या माणसांचा गळा आणि ढोलकी जितकी साफ ऐकू येते तितकी रात्री येत नाही. रात्र चुकली तरी चालेल, हजेरी चुकवू नका.

बुकिंगच्या रीतीतही फरक आहे. फडासाठी नारायणगाव गाठायचं. ते तमाशातल्या गाजलेल्या कलावंत विठाबाई नारायणगावकर यांचं गाव. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर बोर्ड, आत टेबलावर वही. मॅनेजर तारीख विचारत नाही, "तिथी कोणती?" असं विचारतो. चैत्र पौर्णिमेला एकाच दिवशी कितीतरी गावांच्या यात्रा असतात, तेव्हा भाव चढलेलाच असतो. एखादी आडतिथी चालत असेल तर तोच फड बराच कमी पैशांत येतो. इसार द्या आणि पावतीवर मुख्य कलाकारांची नावं घाला, कारण एका घराण्याच्या नावाचे दोन-तीन फड असू शकतात. बारीच्या बाबतीत मात्र थेट मालकिणीशी बोला. मध्ये एजंट आला की ठरलेल्यातलं बाईंच्या हाती किती पडलं, हे तुम्हाला कधीच कळत नाही. दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी खेळ चालू असताना दिलेले पैसे, चालेल की नाही, हेही त्यांनाच आधी विचारा. काहीजणींना ती मानाची वाटते, काहींना नको असते.

नावं सुचत नसतील, तर राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार कुणाकुणाला मिळाला ते बघा. फडाच्या कांताबाई सातारकर आणि मंगला बनसोडे, लावणीच्या गुलाबबाई संगमनेरकर, दोन्हीकडची माणसं त्यात सापडतात. कांताबाई आणि गुलाबबाई आता नाहीत, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांचा माग तिथूनच लागतो.

तिसरा रस्ता सुचवणारे भेटतील : लावणी-ऑर्केस्ट्रा ठेवा, आणि मध्ये अर्धा तास एखाद्या ज्येष्ठ बाईंचा सत्कार करून एक लावणी घ्या. मी याच्या विरोधात आहे. रेकॉर्डवरच्या दणक्यानंतर जिवंत पेटीचा सूर कानाला लागायलाच वेळ जातो, आणि तोवर त्यांचा वेळ संपलेला असतो. सत्कारच करायचा तर वेगळ्या दिवशी, मानधनासकट करा.

फड असो की बारी, तीन गोष्टी कमिटीतल्या एकाच माणसाच्या अंगावर टाका. बायकांसाठी कडी लागणारी, दिवा असलेली खोली आणि स्वच्छ संडास. स्टेजला पायऱ्या, बाजूला धरायला कठडा, कारण साठीतल्या गुडघ्याला घुंगरांचंही ओझं असतं. आणि जेवण. कलावंत भरल्या पोटी उभे राहत नाहीत, ते कार्यक्रम संपल्यावर जेवतात. रात्री साडेबाराला गरम भाकरी देणारं घर आधी ठरवा, आणि उरलेले पैसे त्या ताटाआधी हातात द्या.