बी. फार्मची न्युमेरिकल्स आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर: नऊ महिन्यांनंतर

ऑगस्टमध्ये तिसरं सेमिस्टर सुरू झालं त्याच आठवड्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतला. आता एप्रिल संपत आलाय. फिजिकल फार्मास्युटिक्सचा पहिला भाग तिसऱ्या सेममध्ये आणि दुसरा चौथ्यात असतो, ते दोन्ही याच्यावर काढले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच चुका आहेत. अपूर्णांक वहीत लिहितो तसा वर-खाली दाखवणारा, सोलर पट्टीवाला, सरकत्या झाकणाचा, एवढं पुरे. त्याच दुकानात निम्म्या किमतीत साधा दोन ओळींचाही होता. तो का घेतला नाही, याचं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मैत्रिणीने हा घेतला म्हणून मीही हा घेतला.

मी बायो ग्रुपची. पहिल्या वर्षी रेमेडियल मॅथ्स होतं, तेही कसंबसं काढलेलं. त्याआधी बारावीत बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. नीट आणि सीईटीला तर तेही नाही. त्यामुळे कॅल्क्युलेटर हातात आला तेव्हा असं वाटलं की इतकी वर्षं चुलीवर स्वयंपाक केला आणि आज गॅस आला. पीएच काढायचा तर लॉगचं बटण, आकडा, बरोबर. मँटिसा शोधा, कॅरॅक्टरिस्टिक लावा, 'बार'ची वजाबाकी करा, सगळं बंद. लॉग टेबल त्याच दिवशी कपाटाच्या तळाशी गेलं. ते परत वर कसं आलं, ते पुढे सांगते.

आधी आवडलेल्या गोष्टी.

सगळ्यात जास्त वापरलं ते कॅल्क नावाचं बटण. पहिले दोन महिने ते कशासाठी आहे हेच माहीत नव्हतं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या एका मुलाने दाखवलं. आयसोटोनिक द्रावणाची असाइनमेंट होती. रक्त आणि अश्रू उणे ०.५२ अंश सेल्सियसला गोठतात, म्हणून डोळ्यांत घालायचं औषधही तेवढ्यालाच गोठेल असं बनवायचं, नाहीतर डोळे चुरचुरतात. कमी पडेल तेवढं मीठ घालायचं. सूत्र सोपं आहे: ०.५२ मधून औषधाने गोठणबिंदू जितका घटवला तो आकडा (ए) वजा करा आणि १ टक्का मिठाच्या ०.५७६ ने (बी) भागा. सरांनी दहा औषधं दिली होती. सूत्र एकदा अक्षरांत टाइप केलं, कॅल्क दाबलं, की तो प्रत्येक वेळी 'ए किती? बी किती?' असं विचारतो. औषधाने ०.१ अंश घटवलं असेल तर १०० मिलीला ०.७३ ग्रॅम मीठ. दहा उत्तरं पाच मिनिटांत. औषधच नसेल तर ए शून्य द्या, ०.९ येतं, म्हणजे आपलं नेहमीचं सलाइन. हे मी स्वतः करून बघितलं तेव्हा, खरं सांगते, ०.९ हा आकडा कुठून आला ते पहिल्यांदा कळलं. आधी तो नुसता पाठ होता.

दुसरं, अपूर्णांकाचं दशांश करणारं एस-डी बटण. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. सगळे वापरतात. आजच्या दिवसात ते चाळीस वेळा दाबलं असेल.

सॉल्व्ह म्हणून एक आहे. समीकरण टाकलं की तो स्वतःच अज्ञात शोधतो. बफरच्या, म्हणजे पीएच सहज न बदलणाऱ्या द्रावणाच्या, गणितांत हेंडरसन-हॅसलबाल्च समीकरणात उलटं जायचं असतं. पीएच ५ हवा, अॅसेटिक अॅसिडचा पीकेए (आम्लाची ताकद सांगणारा आकडा) ४.७६, तर त्या आम्लाचा क्षार आम्लाच्या किती पट? सॉल्व्ह सांगतो १.७४. उत्तर बरोबर आहे, पण मार्क स्टेपला असतात आणि 'कॅल्क्युलेटरने सांगितलं' ही स्टेप होत नाही. मी ते फक्त शेवटी ताळा करायला ठेवलंय. बारावीचा अँटिलॉग इथे शिफ्ट दाबून लॉग. तेवढ्यानेही काम होतं.

आता न आवडलेलं. यातलं बरंचसं माझ्याबद्दलच आहे.

पहिला फटका दशांशाचा बसला. ०.००२५ मोलर हायड्रोक्लोरिक अॅसिडचा पीएच काढला आणि स्क्रीनवर आलं तसं जर्नलमध्ये उतरवलं: २.६०२०५९९९१. मॅडमनी लाल पेनने शेवटच्या सात आकड्यांखाली रेघ मारली आणि विचारलं, "एवढं तुझी पिपेट मोजते का गं?" वर्ग हसला. लॉग टेबलवर हे झालं नसतं, कारण तिथे चारच आकडे मिळतात. फिक्स मोड नावाची सोय आहे, तीन दशांशांवर थांबवता येतं. ती मी त्या दिवसानंतर शोधली.

दुसरा फटका मोठा होता. चौथ्या सेमला मायक्रोमेरिटिक्स, म्हणजे बारीक कणांचा अभ्यास असतो, त्यात स्टोक्सचा नियम. द्रवात सोडलेला कण किती वेगाने खाली बसेल ते काढायचं. कणाचा व्यास १० मायक्रॉन, म्हणजे ०.००१ सेंमी. घनतेतला फरक १.५, गुरुत्व ९८१, खाली १८ गुणिले पाण्याची श्यानता ०.०१ पॉइज. मी सगळं ओळीने टाइप केलं, भागिले १८ गुणिले ०.०१. कंस टाकला नाही. मशीनने १८ ने भागलं आणि मग ०.०१ ने गुणलं. तो सांगेल तेच करणार. उत्तर ०.००००००८१७५ सेंमी प्रति सेकंद. खरं उत्तर ०.००८१७५. दहा हजार पटींची चूक.

पुढचा प्रश्न होता, १० सेंमी खाली यायला किती वेळ लागेल? मी बिनधास्त भागाकार केला, दिवसांत रूपांतर केलं आणि लिहिलं: १४१ दिवस. बरोबर उत्तर वीस मिनिटं. सरांनी वही परत देताना विचारलं, "अँड्रियासेन पिपेटचं प्रॅक्टिकल आपण कधी सुरू करणार होतो, गणपतीत?" त्या पिपेटमध्ये कण खाली बसताना बघायचे असतात.

मला राग चूक झाली म्हणून आला नाही. राग याचा आला की १४१ दिवस लिहिताना हात जरासाही अडखळला नाही. बारावीत हे झालं नसतं, असं मला वाटतं. हुशार होते म्हणून नव्हे. लॉग टेबल आकडे देतं, दशांशचिन्ह देत नाही, ते आपण लावायचं असतं. म्हणजे उत्तर हजारांत येणार की हजारांशात येणार, हे टेबल उघडण्याआधी मनात धरावंच लागायचं. ते काम आता मशीन करतं, आणि काही महिन्यांतच ती सवय माझ्या हातून गेली होती.

तेव्हापासून मी असाइनमेंटच्या समासात पेन्सिलीने ढोबळ हिशोब करते. ०.००१ चा वर्ग म्हणजे एक दशलक्षांश. दीड गुणिले हजार म्हणजे दीड हजार. वर राहिलं ०.००१५. खाली १८ शतांश. म्हणजे आठ हजारांशाच्या आसपास. मग कॅल्क्युलेटर. जुळलं नाही तर आधी कंस बघायचे. लॉग टेबल पुन्हा टेबलावर आलंय, वापरायला नाही, नुसतं समोर दिसावं म्हणून. रूममेट म्हणते, देवाचा फोटो लाव त्यापेक्षा.

कंसावरून आठवलं. भागिले १८ आणि त्याला चिकटून, गुणाकाराचं चिन्ह न देता, बी असं अक्षर टाकलं तर माझा कॅल्क्युलेटर १८ आणि बी आधी गुणतो आणि मग भागतो. रूममेटचा, दुसऱ्या कंपनीचा, डावीकडून उजवीकडे सरळ जातो. तेच बटण तेवढ्याच वेळा दाबून दोघींची उत्तरं वेगळी. रात्री साडेअकराला यावर आमचं भांडण झालं, आणि कोणाचंच चूक नव्हतं. जिथे शंका तिथे कंस, एवढंच.

तिसरा फटका कोनाचा. पावडर किती सहज वाहते ते बघायला तिचा ढीग करतात, उंची भागिले त्रिज्या, त्याचा टॅन इन्व्हर्स, म्हणजे अँगल ऑफ रिपोज. माझी उंची २.१, त्रिज्या ४. उत्तर आलं ३०.७८. आमच्या तक्त्यात २५ ते ३० चांगली, ३० ते ४० चालण्यासारखी. मी 'चालण्यासारखी' लिहून मोकळी. बॅचमधल्या बाकी सगळ्यांची तीच पावडर चांगली निघाली. कोणीतरी माझा कॅल्क्युलेटर चाळवला होता आणि तो ग्रेडियन मोडमध्ये गेला होता, म्हणजे काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग धरत होता. खरा कोन २७.७० अंश. रेडियनमध्ये गेला असता तर ०.४८ असं काहीतरी आलं असतं आणि मला लगेच कळलं असतं. ग्रेडियनची चूक सभ्य दिसते. इथे समासातला ढोबळ हिशोबही उपयोगी पडला नसता. स्क्रीनच्या वरच्या कडेला डी, आर किंवा जी असं बारीक अक्षर असतं, ते बघायची सवय लावून घ्या. हे अक्षर इतकं बारीक का ठेवतात, मला खरंच माहीत नाही.

स्टॅटिस्टिक्स मोडबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. औषधाच्या स्थिरतेची गणितं त्यावर झटपट होतात. वेळ आणि उरलेल्या औषधाच्या तीव्रतेचा लॉग भरला, की तो उतार देतो. त्याला उणे २.३०३ ने गुणलं की प्रथम कोटीचा के, म्हणजे औषध किती वेगाने कमी होतं ते सांगणारा स्थिरांक. मग ०.१०५ भागिले के म्हणजे औषध ९० टक्के उरेपर्यंतचा काळ. के दिवसाला ०.००२१ असेल तर ५० दिवस. एक्सपायरीचा विचार याच रस्त्याने सुरू होतो, म्हणून हे गणित मला आवडतं. पण आठ रीडिंग भरून झाल्यावर मी एक साधी बेरीज करायला मोड बदलला आणि सगळं पुसलं गेलं. बेरीज त्याच मोडमध्येही होते, हे नंतर कळलं. आणि एकदा आर, म्हणजे ठिपके सरळ रेषेशी किती जुळतात तो आकडा, उणे ०.९८ आला म्हणून मी खूश होते. ग्राफ पेपरवर ठिपके काढले तर पाचवा ठिपका सरळ सरळ रस्त्याबाहेर. टायट्रेशनमध्ये एंड पॉइंट पुढे गेलेला. मशीनने त्या ठिपक्यालाही बाकीच्यांइतकाच मान दिला. सर ग्राफ हातानेच काढायला लावतात म्हणून आम्ही कुरकुर करायचो. मी आता करत नाही, बाकीचे करतात.

माझी मावसबहीण बी.एस्सी. नर्सिंगला आहे. दिवाळीत तिने आठ दिवस कॅल्क्युलेटर मागून नेला आणि तिसऱ्या दिवशी परत केला. तिची गणितं सलाइनच्या थेंबांची. ५०० मिली ८ तासांत, मिलीला २० थेंबांचा सेट. ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, २०.८३. ताई म्हणाली, "वॉर्डात पॉइंट त्र्याऐंशी थेंब कोण मोजणार? एकवीस." मायक्रोड्रिपचा सेट मिलीला ६० थेंबांचा असतो, म्हणजे तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब, तिथे तर भागाकारच नको. त्यांच्या मॅडम ही गणितं कागदावर, तोंडी करून घेतात. नर्सिंगवाल्यांनी हा घेऊ नये, फोनमधला पुरतो, आणि ताईच्या मते तोही नको.

बाकी मशीन म्हणून: झाकण सैल झालंय, सॅकमध्ये निघून पडतं. ८ चं बटण जानेवारीपासून जड लागतं, दोनदा दाबलं की कधी ८ येतो, कधी ८८. शिफ्टवरचा रंग गेलाय. प्रत्येक सेशनलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) अख्ख्या वर्गाचे कॅल्क्युलेटर एकसारखे दिसतात, म्हणून मागे नेलपॉलिशने खूण केलीय, तीच काय ती टिकली. हॉस्टेलच्या ट्यूबलाइटखाली स्क्रीन छान दिसते.

पहिल्या वर्षाला असाल तर हा घेऊ नका. अॅलिगेशन (दोन तीव्रतांची द्रावणं मिसळायचं गणित), टक्केवारी, यंगच्या सूत्राने लहान मुलांचा डोस, अल्कोहोलची तीव्रता सांगणाऱ्या प्रूफ स्पिरिटचं १.७५३, हे सगळं साध्यावर होतं आणि बरंचसं डोक्यातही. तिसऱ्या सेमला घ्या. घेतल्यावर पहिल्या रात्री कॅल्क, फिक्स आणि कोनाचा मोड, एवढं बघून घ्या. माझं पुढे सहाव्या सेमला फार्माकोकायनेटिक्स आणि आठव्याला बायोस्टॅटिस्टिक्स आहे, त्यामुळे विकायचा प्रश्न नाही. बॅटरी अजून पहिलीच आहे.