घर जॅकवर उचलून घेतले: नांदेडच्या सखल वस्तीतला अनुभव

नांदेडला गोदावरीकाठच्या सखल वस्तीत आमचे 900 चौरस फुटांचे, विटांच्या भिंतींवर पेललेले जुने घर आहे. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की आमच्या गल्लीत सर्वांत आधी धान्याची पोती माळ्यावर जातात. मागच्या पुराने भिंतीवर फरशीपासून सव्वादोन फुटांवर गढूळ रेघ सोडली. घर पाडून नवे बांधण्याची ऐपत नव्हती, म्हणून आहे तेच घर जॅक लावून उचलून घ्यायचे ठरवले. आमच्याकडे ही सेवा अजून नवीन आहे, त्यामुळे ती घेऊ पाहणाऱ्यांसाठी सविस्तर लिहीत आहे.

प्रत्यक्ष उचलण्याच्या कामाबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. भिंतींच्या दोन्ही बाजूंनी चर खणून कामगारांनी जोत्याच्या पातळीवर भिंत थोडी थोडी कापत नेली, त्या फटीत लोखंडी चॅनेल सरकवले आणि त्याखाली 160 जॅक बसवले. मुकादम शिट्टी वाजवी आणि सगळे जण आपापला जॅक एकाच वेळी पाव फेरा फिरवत. तिसऱ्या दिवशी भिंतीखालून पलीकडच्या अंगणातला उजेड दिसू लागला. उंबरठा गुडघ्याएवढा वर गेला होता आणि शहाबादी फरशी मात्र खाली जागच्या जागी होती. घर उचलतात म्हणजे भिंती आणि छत उचलतात, जमीन खालीच राहते, हे आम्हाला तेव्हा कळले. पुढे ती पोकळी भरायला सुमारे 35 ब्रास मुरूम लागला आणि फरशी नव्याने बसवावी लागली. हा खर्च ठेक्यात नव्हता, तेव्हा दर ठरवतानाच तो विचारून घ्यावा. तडे गेले ते खिडक्यांच्या कोपऱ्यांत, तेही केसाएवढे, आणि ते ठेकेदाराने स्वतःहून बुजवून दिले.

माझा आक्षेप आहे तो उंची ठरवण्याच्या पद्धतीवर. पहिल्याच भेटीत ठेकेदार म्हणाले, "तीन फूट उचलू, सगळे तेवढेच घेतात." हा आकडा कुठून आला, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. रस्त्यापेक्षा घर उंच दिसावे एवढाच त्यामागे हिशेब असावा. त्यांची माणसे 2018 च्या महापुरानंतर केरळात काम करून आली होती. तिथल्या कुट्टनाडमध्ये जमीनच समुद्रसपाटीच्या खाली आहे, भरतीच्या वेळी पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ते दिवसेंदिवस तुंबून राहते. आपल्याकडे धरणातून विसर्ग वाढला की नदी काही तासांत चढते, आणि खाली धर्माबाद-बिलोलीकडे तर भरतीचे काम तेलंगणातल्या पोचमपाड धरणाचे बॅकवॉटर, म्हणजे मागे फुगणारे पाणी, करते. तिथला अंदाज इथे लावून चालणार नाही, हे मी त्यांना परोपरीने सांगितले.

शेवटी आम्ही स्वतःच पूररेषेचा नकाशा मिळवला आणि एका सर्वेक्षकाकडून लेव्हल काढून घेतली. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. शंभर वर्षे ऐकून निर्धास्त होऊ नये, कारण दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता धरली तरी 30 वर्षांत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता चारात एक होते. आमचे घर दोन रेषांच्या मधे आहे आणि लाल रेषेची पातळी आमच्या जुन्या फरशीच्या तीन फूट वर निघाली. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे अशा पट्ट्यात जोते लाल रेषेच्या 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट वर हवे. हिशेब सरळ साडेचार फुटांचा झाला. तीन फुटांवर थांबलो असतो तर त्या पुराचे पाणी नेमके नव्या फरशीला लागले असते. दीड फूट वाढवायला ठेकेदारांनी खळखळ केली नाही, पैसे मात्र वाढवून घेतले आणि ते रास्तच होते.

काळ्या मातीचाही त्यांनी विचार केला नव्हता. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती, तिच्यात जुना पाया तसाच ठेवून त्यावर एवढा भराव टाकायचा, तर तो भराव नव्या जोत्याच्या भिंती बाहेर ढकलणार. आम्ही वेगळा अभियंता नेमून पायाची तपासणी करून घेतली आणि त्याच्या सांगण्यावरून सभोवती काँक्रीटचा पट्टा घातला. उरलेला मुरूम अंगणात पसरून घ्या, असेही आम्हाला सुचवण्यात आले, पण तसे केले असते तर आमच्या अंगणातले पाणी शेजारच्या बसक्या घरात शिरले असते. आम्ही नकार दिला, आणि पुराचे पाणी अडू नये म्हणून कुंपणाच्या भिंतीत तळाशी जाळ्या ठेवल्या.

सेप्टिक टँक मात्र होता तिथेच राहिला. त्याचे झाकण आजही जुन्या अंगणाच्या पातळीवर आहे, त्यामुळे पूर आला की घर कोरडे राहील आणि टाकी मात्र भरेल. ठेकेदारांना विचारले तर ते आमचे काम नाही म्हणाले. पाणी उलटे चढू न देणारी झडप आणि झाकणाची उंची वाढवणे, ही दोन्ही कामे मृगाच्या आत उरकायची आहेत. जोत्याला आधी तीन पायऱ्या होत्या, आता बारा आहेत. आईचे गुडघे दुखतात, म्हणून सहाव्या पायरीवर बसण्यापुरता रुंद कट्टा आणि दोन्ही बाजूंना कठडा करून घेतला आहे.