ट्रान्सप्लांटनंतर अप्पांना शुगरचा सेन्सर लावला, दोन महिन्यांचा अनुभव

ब्रँड मुद्दाम सांगत नाही. दंडाला चिकटवायचा, १४ दिवस चालतो, आकडा मोबाईलवर दिसतो. अप्पांना वीसेक वर्षांची शुगर, त्यातच किडन्या गेल्या, दीड वर्ष डायलिसिस आणि मग आईची किडनी बसवली. डायलिसिसवर असताना इन्सुलिन खूप कमी लागायचं, आम्ही खुश की शुगर सुधारली. कसली सुधारतेय, खराब किडनी इन्सुलिन लवकर बाहेर टाकत नाही म्हणून ते अंगात रेंगाळत होतं. नवी किडनी कामाला लागली, वरून शरीराने ती नाकारू नये म्हणून स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमस, दोन्ही औषधं शुगर वाढवणारी, की इन्सुलिनचा डोस जवळजवळ तिप्पट.

घरी आल्यावर रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचो, ११०, ११८, एकदम मस्त. सेन्सर लावला त्याच दिवशी दुपारी चारला ३१२!! म्हटलं डबडं निघालं, बोट टोचून बघितलं तर २९६. ग्राफ दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले प्रेडनिसोलोनची (म्हणजे स्टिरॉइडची) गोळी सकाळी घेतली की शुगर दुपारी-संध्याकाळी चढते आणि रात्रीतून उतरते, नुसती सकाळची बघून काय कळणार. मग सकाळचं इन्सुलिन वाढवलं आणि रात्रीचं चक्क कमी केलं. तीन महिन्यांच्या ॲव्हरेजवाली टेस्ट पण सुरुवातीला धरू नका म्हणाले, हिमोग्लोबिन कमी असतं, रक्त वाढवायची इंजेक्शनं चालू असतात, कधी रक्तही चढवलेलं असतं, त्यामुळे आकडा चुकीचा येऊ शकतो.

आता वैताग. रात्री तीनला अलार्म, ५४! मी साखरेचं पाणी घेऊन धावलो, तर अप्पा सेन्सरच्याच कुशीवर घोरत होते, दंड दाबला गेला की आकडा खोटा खाली जातो. बोट टोचलं, १२६. झोपमोड केली म्हणून शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. शुगर भराभर वरखाली होत असेल तर सेन्सर पाच-दहा मिनिटं मागेच असतो, त्यामुळे डबीतल्या स्ट्रिप संपू देऊ नका. मे महिन्यात घामाने एक बाराव्या दिवशीच निघाला, हेल्पलाईनवाल्यांनी बदलून दिला पण चार फोन करून. आणि महिन्याला दोन लागतात, आमच्या मेडिक्लेमने एक रुपया दिला नाही.

पाचपैकी साडेतीन. पहिले दोन-तीन महिने, डोस बसेपर्यंत घ्याच. आम्ही आता महिन्याला एकच लावतो, आणि ते १४ दिवस अप्पा पोह्यांवर शेव मागत नाहीत.