सेमी घ्यावं की फुल इंग्लिश?

पहिलीचं ॲडमिशन जवळ आलं की साताऱ्यात राजवाड्यासमोर भेळ खातानाही हाच विषय निघतो. सेमी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. फुल इंग्लिशला मराठी हा एक विषय म्हणून उरतो. २०२० च्या कायद्याने तो सक्तीचा आहे, एवढंच.

माझी भाची चौथीत, फुल इंग्लिशला. ‘डिनॉमिनेटर’ची व्याख्या घडाघडा म्हणते. विचारलं, एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? म्हणाली, अष्टमांश, कारण आठ मोठे. ताटातली भाकरी घेतली, चार तुकडे केले, मग त्यातल्या एका तुकड्याचे दोन. ‘मामा, एवढंच होय!’ शाळेत हे तिला कोणी कळेल अशा भाषेत सांगितलंच नव्हतं. घरी इंग्रजी बोलत असतील तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे आजीपासून सगळे मराठीच.

म्हणून माझा कौल सेमीला. पण मराठी शब्द सोपे असतात म्हणून नव्हे. ‘प्रकाशसंश्लेषण’ कोणाच्या आजीच्या तोंडी असतं? अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीतूनच येतं, तेव्हा शब्द आधीच ओळखीचे झालेले बरे. समजावणं मात्र मराठीतून हवं. सेमीत ते होऊ शकतं. होतंच असं नाही. पाटी सेमीची आणि गणिताचे सर पुस्तक नुसतं वाचून दाखवणारे, असाही प्रकार आहे.

फुल इंग्लिशची फी, व्हॅन, ट्यूशन एकत्र धरा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के मोफत जागांत नंबर लागला तरी ती सवलत आठवीपर्यंतच. नववीला काय करणार, ते आजच ठरवा.

राजकारणाचं म्हणाल, तर एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर आला, रान पेटलं, २९ जूनला सरकारने तो मागे घेतला. विरोध मलाही पटला. पण सेमीच्या वर्गात गणित शिकवतं कोण, यावर मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी पाचवीच्या गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसू द्या म्हणून विनंती करा. नाही म्हणाले, तर सुटल्यावर गेटवर पाचवीतलं एखादं पोर गाठा आणि अपूर्णांक मराठीत समजावून सांगायला लावा.